वॉर्डातील काम आणि वॉर्डातील शिक्षण



मुलीला नर्सिंगला घालावे का, असा प्रश्न घरात निघाला की आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, नोकरी विचारतो. तेथे शिकवतात कसे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

क्रिमियाच्या युद्धातील सेवेबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे निधी जमला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. डॉक्टरांची व्याख्याने होत, पण मुख्य शिक्षण वॉर्डात, सिस्टरच्या नजरेखाली. प्रत्येक उमेदवार मुलीचा दरमहा तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता अशा बाबी असत. करून शिकण्याचा हा विचार उत्तमच होता. पुढे अनेक रुग्णालयांनी त्यातले ‘करणे’ तेवढे उचलले! शिकाऊ मुली म्हणजे स्वस्तात मिळणारे हात झाले. दिवसभर झाडलोट आणि बिछाने, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी रात्रीचे व्याख्यान. रुग्णालयाची निकड आणि मुलींचे शिक्षण यांची ओढाताण झाली की शिक्षणच मागे पडते, हे अमेरिकेतील गोल्डमार्क अहवालाने १९२३ साली स्पष्टपणे मांडले.

न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात अ‍ॅडलेड नटिंग १९०७ साली प्राध्यापक झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या परिचारिका. त्याच कॉलेजात एडवर्ड थॉर्नडाइक हे मानसशास्त्रज्ञ शिकवीत. सरावाने काम पक्के होते, असे तेही आरंभी मानीत. मग १९३० च्या सुमारास त्यांनी माणसांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा हजारो वेळा ओढायला लावल्या. सुधारणा काही होईना. रेघ बरोबर आली की चुकली, हे सांगू लागताच हात सुधारला. आपले आधीचे मत चुकले, हे त्यांनी जाहीरपणे कबूल केले. विद्वानांत असा मोकळेपणा विरळाच.

आता हेच वॉर्डात पाहा. मुलीने शंभर वेळा नाडी मोजली, पण शेजारी उभे राहून कोणी ती पुन्हा मोजून पाहिली नाही, तर शंभराव्या वेळीही पहिलीच चूक होणार.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली आणखी एक पाऊल टाकले. वैमानिक आणि बुद्धिबळपटू यांच्या अभ्यासावरून ड्रायफस बंधूंनी कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. बेनर यांनी त्या परिचारिकांना लावून दाखवल्या. नवशिकी मुलगी नियम धरून चालते: रक्तदाब अमुक इतका उतरला तर डॉक्टरांना कळवा. कसलेली परिचारिका कधी कधी आकडा उतरण्याआधीच रुग्णाचा चेहरा पाहून उठते. मात्र नुसती वर्षे भरली म्हणजे अनुभव आला, असे बेनर मानीत नाहीत. आपली आधीची समजूत प्रत्यक्ष रुग्णापाशी तपासली गेली, दुरुस्त झाली, तरच तो अनुभव. अपरिचित विभागात बदली झाली की जुनी परिचारिकाही पुन्हा नवशिकी ठरू शकते.

तेव्हा प्रवेशासाठी कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहाच, पण थोडे विचाराही. वॉर्डात मुलींबरोबर शिक्षिका उभी असते का? पहिले इंजेक्शन पुतळ्यावर देतात की थेट रुग्णाला? नोकरवर्ग अपुरा पडला की शिकाऊ मुलींनाच लावतात का? आणि ड्यूटी संपल्यावर आज काय पाहिले, कोठे चुकले, हे मुलींशी बसून कोण बोलते?