संख्या-रूपांतरातील अचूकतेची मर्यादा

वापरकर्त्याने मजकुराच्या रूपात दिलेली संख्या संगणकाच्या अंतर्गत रूपात बदलताना तिच्यातील किती अंक जसेच्या तसे टिकू शकतात, यावर असलेल्या बंधनाला संख्या-रूपांतरातील अचूकतेची मर्यादा असे म्हणतात. कळफलकावरून टंकलेली, अर्जात भरलेली किंवा दुसऱ्या प्रणालीकडून आलेली संख्या ही संगणकाच्या दृष्टीने प्रथम केवळ अक्षरांची मालिका असते. त्या मालिकेचा अर्थ लावून तिची संख्या बनवण्याच्या क्रियेस पार्सिंग ही संज्ञा आहे. कागदावर लिहिलेल्या संख्येला लांबीचे बंधन नसते. संगणकाच्या स्मृतीत तिच्यासाठी राखलेली जागा मात्र बहुधा ठरलेली असते. त्यामुळे दिलेली संख्या आणि साठवलेली संख्या या दोहोंत फरक पडू शकतो. हा फरक सहसा कोणतीही सूचना न देता पडतो, म्हणून त्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे.

== संख्येची साठवण ==

बहुतेक आधुनिक संगणक अपूर्णांकयुक्त संख्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे सरकत्या बिंदूच्या पद्धतीने साठवतात. या पद्धतीत संख्येचे तीन भाग केले जातात: चिन्ह, सार्थक अंक आणि घातांक. १९८५ पूर्वी निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांत या साठवणीची रीत निरनिराळी असे व एकच आकडेमोड दोन यंत्रांवर वेगळे उत्तर देऊ शके. त्या वर्षी आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या घडणीत प्रमुख वाटा असलेले गणितज्ञ विल्यम कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मानकाच्या सुधारित आवृत्त्या २००८ आणि २०१९ मध्ये निघाल्या.

या मानकातील सर्वाधिक वापरात असलेला प्रकार ६४ बिटांचा असून त्याला 'डबल' म्हणतात. त्यात १ बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट सार्थक अंकांसाठी असतात. आरंभीचा एक बिट गृहीत धरला जात असल्याने प्रत्यक्षात ५३ बिटांची अचूकता मिळते. दशमान पद्धतीत याचा अर्थ असा की, १५ सार्थक अंकांपर्यंतची संख्या डबलच्या कक्षेत असेल, तर ती साठवून परत दशमान रूपात आणल्यास मूळ अंक मिळतात. त्यापुढील अंकांची हमी नसते. ३२ बिटांच्या प्रकारात केवळ २४ बिटांची अचूकता असून तेथे सुमारे ७ अंकच विश्वसनीय असतात.

== अपूर्णांकांची मर्यादा ==

ज्या अपूर्णांकाच्या अतिसंक्षिप्त रूपातील छेदाला २ आणि ५ यांखेरीज मूळ अवयव नसतो, त्याचे दशांश रूप खंडित असते. अन्यथा ते अखंड आवर्ती असते, हा नियम शालेय गणितात येतो. एक तृतीयांश दशांशात लिहू गेल्यास ०.३३३… असे न संपणारे रूप मिळते ते याच कारणाने. संगणक द्विमान पद्धती वापरतो आणि त्या पद्धतीत छेदाला केवळ २ हाच मूळ अवयव चालतो. एक दशमांशाच्या छेदात ५ हा अवयव असल्यामुळे, दशमान पद्धतीत ०.१ असा सुटसुटीत दिसणारा अपूर्णांक द्विमान पद्धतीत अखंड आवर्ती ठरतो. तो ५३ बिटांवर तोडावा लागतो. परिणामी ०.१ दिल्यावर साठवली जाणारी संख्या ०.१ पेक्षा किंचित मोठी असते. ती पूर्ण लिहिल्यास दशांशचिन्हानंतर ५५ अंक येतात.

अनेक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, ती यामुळेच. हा यंत्राच्या बेरजेतील दोष नव्हे. आकडेमोड सुरू होण्यापूर्वी, संख्या वाचतानाच, दोन्ही संख्या किंचित बदललेल्या असतात.

== पूर्णांकांची मर्यादा ==

पूर्णांकांना आवर्तनाची अडचण नसली, तरी लांबीची असते. डबल या प्रकारात २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक साठवता येतात. त्यापुढे लगतच्या दोन साठवणयोग्य संख्यांतील अंतर २ होते, २ च्या ५४ व्या घातानंतर ते ४ होते आणि असेच दुप्पट होत जाते. त्यामुळे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही संख्या दिल्यास साठवली जाते ती ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. दिलेली संख्या दोन साठवणयोग्य संख्यांच्या बरोबर मध्ये पडते, तेव्हा अंतर्गत रूपात सम असलेला पर्याय निवडावा, असा नेहमीचा नियम आहे. ३२ बिटांच्या प्रकारात हीच मर्यादा १,६७,७७,२१६ इतकी अलीकडे येते.

जावास्क्रिप्ट या भाषेतील नेहमीचा संख्याप्रकार डबल हाच असल्याने संकेतस्थळांवर ही मर्यादा वारंवार आड येते. जेसन या माहिती-विनिमयाच्या स्वरूपात संख्या कितीही लांब लिहिता येते; तरीही त्याचे २०१७ चे मानक असे नमूद करते की, २ च्या ५३ व्या घाताच्या आतील पूर्णांकांविषयीच सर्व प्रणालींचे एकमत गृहीत धरता येईल.

== कक्षेची मर्यादा ==

डबलमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात एवढी आहे. त्याहून बरीच मोठी संख्या दिल्यास अनेक भाषांत ती 'अनंत' या विशेष मूल्यात बदलते. दुसऱ्या टोकाला, अतिशय लहान संख्या प्रथम आपले सार्थक अंक गमावू लागतात आणि अखेरीस शून्य होतात. या दोन टोकांच्या मधील संख्यांनाही वर सांगितलेल्या अंकमर्यादा लागू असतातच.

== अचूक वाचनाचा प्रश्न ==

दिलेल्या दशमान संख्येला सर्वांत जवळची द्विमान संख्या शोधणे वाटते तितके सोपे नाही. क्वचित प्रसंगी दिलेली संख्या दोन शेजारी संख्यांच्या मध्यबिंदूच्या इतकी निकट असते की, कौल कोणत्या बाजूला द्यायचा हे ठरवण्यासाठी ठरावीक लांबीची आकडेमोड अपुरी पडते. विल्यम क्लिंगर यांनी १९९० मध्ये या प्रश्नाची मांडणी करून अशा वेळी अमर्याद लांबीच्या पूर्णांकांचे गणित लागते हे दाखवले. त्याच वर्षी डेव्हिड गे यांनी लिहिलेली आज्ञावली पुढे अनेक संगणकभाषांनी आधारभूत मानली. संख्या वाचण्याचा वेग वाढवणाऱ्या नव्या पद्धतींत डॅनियल लेमायर यांचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले काम विशेष उल्लेखनीय आहे.

== सुरक्षिततेशी संबंध ==

संख्या बाहेरून येत असल्यामुळे ती वाचणारी आज्ञावली सदोष असल्यास तिचा गैरवापर होऊ शकतो. जानेवारी २०११ मध्ये पीएचपी या भाषेत असा दोष उघडकीस आला. २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा वजा ३०८ वा घात ही एकच संख्या वाचताना काही ३२-बिट संगणकांवरील आज्ञावली न संपणाऱ्या आवर्तनात अडकत असे. ही संख्या डबलमधील सर्वांत लहान सामान्य संख्येच्या अगदी सीमेवर आहे. जुन्या इंटेल धर्तीच्या गणनयंत्रणेत मधली उत्तरे ८० बिटांत ठेवली जात. त्यामुळे एकच उत्तर दोनदा जवळच्या संख्येत बदलले जाई आणि तपासणी कधीच समाधानी होत नसे. संकेतस्थळावरील साध्या अर्जात ही संख्या भरून पाठवल्यास सर्व्हर ठप्प होऊ शकत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जावा या भाषेतही शेवटचा अंक १ ऐवजी २ असलेल्या संख्येने तसाच परिणाम होतो, असे आढळले. ब्राउझर आपल्या पसंतीची भाषा कळवताना जो अग्रक्रमाचा आकडा पाठवतो, त्याच्या जागी ही संख्या ठेवूनही काही जावा सर्व्हर अडवता येत. दोन्ही भाषांत तातडीने दुरुस्त्या करण्यात आल्या.

अमर्याद लांबीचे पूर्णांक स्वीकारणाऱ्या भाषांपुढे वेगळा धोका असतो. पायथॉनमध्ये लांब अंकमालिकेचे पूर्णांकात रूपांतर करताना अंक दुप्पट झाले की लागणारा वेळ सुमारे चौपट होत असे. लाखो अंकांची मालिका पाठवून सर्व्हर गुंतवून ठेवता येऊ नये, म्हणून २०२२ मध्ये या रूपांतरावर ४,३०० अंकांची पूर्वनिर्धारित मर्यादा घालण्यात आली.

== व्यवहारातील परिणाम ==

* '''ओळख क्रमांक:''' ट्विटरने २०१० मध्ये ६४ बिटांचे संदेश-क्रमांक स्वीकारले. जावास्क्रिप्टमध्ये ते अचूक राहणार नाहीत हे ध्यानात घेऊन प्रत्येक क्रमांक संख्येच्या जोडीला मजकुराच्या रूपातही पुरवण्यात येऊ लागला.
* '''तक्ते:''' मायक्रोसॉफ्ट एक्सेल १५ सार्थक अंक राखते. डेबिट वा क्रेडिट कार्डाचा १६ अंकी क्रमांक साध्या रकान्यात टंकल्यास शेवटचा अंक शून्य होतो. नंतर रकान्याचा प्रकार बदलला तरी गेलेला अंक परत येत नाही. १२ अंकी आधार क्रमांक या मर्यादेत बसतो.
* '''रक्कम:''' ४.३५ रुपयांचे पैसे करण्यासाठी डबलमध्ये १०० ने गुणल्यास ४३५ ऐवजी ४३४.९९९९… असे उत्तर येते. त्यातील अपूर्णांक नुसता छाटून टाकल्यास एक पैसा नाहीसा होतो. एका व्यवहारात हा फरक क्षुल्लक असला, तरी हिशेब जुळवताना तो शोधून काढावा लागतो.

== देवनागरी अंक व स्वल्पविराम ==

भारतीय भाषांत संख्येच्या लेखनपद्धतीमुळेही रूपांतर फसू शकते. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने आहेत. पायथॉनची पूर्णांक-रूपांतराची सोय '१२३' ही देवनागरी मालिका योग्य रीतीने वाचते. जावास्क्रिप्टची नेहमीची सोय मात्र ती संख्याच नाही असे ठरवते. आंतरराष्ट्रीय अंकांत पण भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन सव्वा लाख लिहिल्यास जावास्क्रिप्टची अपूर्णांक वाचणारी सोय पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सव्वा लाखाचे उत्तर केवळ १ असे देते. येथे अंकांची संख्या मर्यादेच्या आत असूनही मूल्य हरवते आणि तेही सूचनेविना.

== उपाय ==

# रकमांसाठी दशमान पद्धतीने साठवण करणारा डेसिमल हा प्रकार वापरणे, किंवा सर्व रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवणे. आय-ट्रिपल-ई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत १६ आणि ३४ अंकांचे दशमान प्रकारही समाविष्ट आहेत.
# खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांसारखे क्रमांक मजकूर म्हणूनच साठवणे. त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. त्यामुळे अंकांत लिहिलेले असूनही ते गणिती अर्थाने संख्या नसतात. आरंभीची शून्येही यामुळे सुरक्षित राहतात.
# मोठ्या पूर्णांकांसाठी अमर्याद लांबीचा प्रकार वापरणे. जावास्क्रिप्टच्या २०२० च्या मानकात यासाठी बिगइंट हा प्रकार आला.
# बाहेरून आलेल्या मालिकेची लांबी, अंक, चिन्हे आणि कक्षा रूपांतरापूर्वी तपासणे, आणि ती स्वीकारार्ह नसल्यास तसे वापरकर्त्यास स्पष्ट कळवणे.
# रूपांतरानंतर संख्या पुन्हा मजकुरात आणून मूळ मालिकेशी ताडून पाहणे. शक्य तेथे साठवलेले मूल्य वापरकर्त्यास दाखवून त्याची संमती घेणे.

मानकानुसार मूल्य बदलल्याची खूण यंत्रात नोंदवली जाते; परंतु बहुसंख्य संगणकभाषा नेहमीच्या वापरात ती तपासत नाहीत. म्हणून अचूकता राखण्याची जबाबदारी प्रत्यक्षात आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते, आणि संख्या आत येते त्या उंबरठ्यावरच ती पार पाडावी लागते. एकदा गमावलेला अंक नंतरच्या कोणत्याही आकडेमोडीने परत मिळवता येत नाही.