परभाषा म्हणून इंग्रजी : अध्यापनाचे प्रमाणपत्र

इंग्रजी उत्तम येणे आणि इंग्रजी शिकवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्या अभ्यासक्रमामुळे रूढ झाला, त्याचा आरंभ १९६२ साली लंडनमध्ये झाला. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दाम्पत्याने १९५३ मध्ये स्पेनमधील कोर्दोबा येथे भाषाशाळा काढली होती. तीच पुढे ‘इंटरनॅशनल हाऊस’ म्हणून विस्तारली. तेथे लागणाऱ्या शिक्षकांसाठी हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. कालांतराने तो रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सकडे आणि १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाकडे गेला. १९९६ पासून तो ‘सेल्टा’ या नावाने ओळखला जातो.

पूर्णवेळ केल्यास चार ते पाच आठवड्यांत संपणाऱ्या या अभ्यासक्रमाला अंतिम लेखी परीक्षा नाही. किमान १२० तासांचे प्रशिक्षण, चार लेखी प्रकल्प आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तासांचे अध्यापन यांवर निकाल ठरतो. हे सहा तासच अभ्यासक्रमाचा प्राण होत. प्रशिक्षणार्थी पाठाचे टाचण काढतो, वर्ग घेतो, मागे बसलेले प्रशिक्षक आणि सहाध्यायी टिपणे घेतात आणि पाठ संपल्यावर त्याची चिरफाड होते. बहुतेकांच्या वाट्याला पहिला शेरा एकच येतो : शिक्षक फार बोलला, विद्यार्थी बोललेच नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या परंपरेत वाढलेल्या मराठी शिक्षकाला तर हा धक्काच असतो, कारण वर्गात निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी असले की भाषांतराचा आधारच उरत नाही. ‘समजले का?’ असे विचारणेही येथे व्यर्थ मानले जाते. ‘तो पूर्वी सिगारेट ओढत असे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य शिकवल्यावर ‘तो आता ओढतो का?’, ‘एकदाच ओढली की अनेकदा?’ असे विचारून अर्थ पोचला की नाही, हे पडताळायचे असते.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘सर्ट टेसॉल’ हे याच तोलाचे प्रमाणपत्र. त्यात प्रशिक्षणार्थींना एखादी सर्वस्वी अपरिचित भाषा काही तास शिकावी लागते. नवख्या विद्यार्थ्याची कुचंबणा शिक्षकाने स्वतः अनुभवावी, हा त्यामागचा हेतू अतिशय मार्मिक आहे.

‘टेफल’ हे मात्र कोणत्याही एका परीक्षेचे नाव नव्हे, ते केवळ विषयाचे नाव आहे. त्यामुळे कोणतीही संस्था स्वतःचे ‘टेफल प्रमाणपत्र’ देऊ शकते. संगणकावर काही धडे वाचून मिळणारी ‘१२० तासांची’ प्रमाणपत्रे स्वस्त असतात. पण त्यांपैकी अनेकांत एकाही विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागत नाही. केवळ दूरस्थ आहे म्हणून अभ्यासक्रम कमअस्सल ठरत नाही. २०२० च्या महासाथीपासून सेल्टाही पूर्णपणे ऑनलाइन करता येते, परंतु त्यातील सहा तासांचे अध्यापन सुटलेले नाही.

भारतीय उमेदवारापुढचा खरा अडसर वेगळाच आहे. प्रमाणपत्र हाती असूनही अनेक देशांत पारपत्र आडवे येते. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी असतो. मातृभाषकच उत्तम शिक्षक, या समजुतीला रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्येच भ्रम ठरवले; ‘टेसॉल’ या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध भूमिका जाहीर केली. जाहिराती मात्र बदलल्या, त्या फारच सावकाश. स्वतः परभाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्याला विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे ठाऊक असते, ही जमेची बाजू नेमणुकीच्या वेळी क्वचितच मोजली जाते.

मायदेशी शालेय नोकरीसाठी सेल्टा हा बी.एड.चा पर्याय नाही. खासगी भाषावर्ग, कंपन्यांतील संभाषण प्रशिक्षण आणि ऑनलाइन शिकवण्या येथे त्याचा उपयोग होतो. शुल्क मध्यमवर्गीयाला विचार करायला लावणारे असल्याने, ज्या देशात जायचे तेथील व्हिसाचे नियम आधी पाहावेत आणि मगच प्रवेश घ्यावा. संस्थेला विचारायचे प्रश्न दोनच : प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवायला मिळेल आणि बाहेरचा परीक्षक कोण नेमतो?