गाठीवरचा आरोप

शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीने यकृत कसे बिघडते, याचे एक ठरीव उत्तर आहे: कृमी बिचारा गप्प असतो, घात रुग्णाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती करते. हे मत पोकळ नाही. त्याची बाजू आधी नीट मांडू.

प्रौढ कृमी आतड्याच्या शिरांत वर्षानुवर्षे राहतात; यजमानाचेच रेणू अंगावर पांघरून पहारा चुकवतात. मादी रोज सुमारे ३०० अंडी घालते. त्यांतली पुष्कळशी बाहेर पडण्याऐवजी रक्ताबरोबर यकृतात येऊन अडकतात. प्रत्येक अंड्याभोवती टी-पेशी, इओसिनोफिल आणि मॅक्रोफेज जमून गाठ बनते. तीच ग्रॅन्युलोमा. पुढे तिथे तंतू साचतात, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा सुजते, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. मातीच्या चिलमीच्या दांड्या खुपसाव्यात तसे दिसणारे हे यकृत सिमर्स यांनी कैरोत १९०४ साली वर्णिले. नुसती अंडी उंदराच्या शिरेत टोचली, तरी फुप्फुसात गाठी होतात. कृमीची गरजही लागत नाही.

इथवर सारे मान्य. पण गाठ हीच गुन्हेगार असेल, तर ती काढून घेतल्यावर यकृत वाचायला नको का?

हा प्रयोग झालेला आहे. टी-पेशी नसलेल्या उंदरांत गाठी खुरटतात, आणि अंड्यांतून झिरपणारी विषे मोकाट सुटतात. भोवतालच्या यकृतपेशी मरतात. उंदीर लवकर दगावतात. संसर्ग झालेल्या दुसऱ्या उंदराचे सीरम टोचले, की ही हानी घटते. इंटरल्यूकिन-४ हा प्रतिकारपेशींचा संदेशरेणू नसलेले उंदीरही असेच लवकर दगावतात. माणसातही पाहा: या रोगात दाब वाढला, तरी यकृतपेशी बहुधा उशिरापर्यंत शाबूत असतात. (याला सरसकट सिरॉसिस म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) त्या कोणी राखल्या?

‘पण तंतू तर प्रतिकारशक्तीच घडवते!’ घडवते, मुख्यतः इंटरल्यूकिन-१३ च्या हुकमाने. उंदरांत तेवढे एक रोखले, तर तंतू घटतात आणि गाठ कायम राहते. म्हणजे राखण वेगळी, व्रण वेगळा. दोहोंना एकाच आरोपपत्रात गोवणे हा आळस झाला. शिवाय शरीर स्वतःच लगामही घालते: रोग जुना होतो तशा नव्या गाठी लहान होत जातात, आणि संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच यकृताचा गंभीर विकार जडतो. नुसती प्रतिक्रियाच दोषी असती, तर बाकीचे सुटले कसे?

आणि कृमी बिचारा? आतड्याची भिंत भेदून बाहेर पडायला अंड्यांना हीच प्रतिक्रिया उपयोगी पडते. टी-पेशी नसलेल्या उंदरांच्या विष्ठेत अंडी कमी सापडतात. लाभार्थी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

वैद्य रुग्णाला देतात प्राझिक्वांटेल. त्याने कृमी मरतात, अंड्यांचा ओघ आटतो, आणि अनेकांत, विशेषतः मुलांत, साचलेले तंतू काही अंशी विरतात. प्रतिकारशक्ती या काळात जागच्या जागी असते.