शिंपला-फौजदार

फुकट मिळणाऱ्या वस्तूला जितके नियम असतात तितके विकतच्या वस्तूला नसतात. बाजारात जाऊन तिसऱ्यांचे दोन वाटे घ्या. कोळीण तुमचं नाव, गाव, वय काही विचारत नाही. पैसे तेवढे मोजून घेते. पण त्याच तिसऱ्या समुद्रात उतरून आपल्या हाताने उकरायच्या म्हटल्या, की परदेशात परवाना येतो, मोजमाप येतं, घड्याळ येतं आणि मागोमाग पोलीस येतो.

पोलीस हा शब्द मी विनोदासाठी घातलेला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचं एक भूशिर आहे. कोपरात दुमडलेल्या हातासारखं ते अटलांटिकमध्ये घुसलेलं आहे. तिथल्या गावांत शिंपल्यांवर देखरेख करायला एक स्वतंत्र माणूस नेमतात. त्याच्या हुद्द्याचं नाव 'शेलफिश कॉन्स्टेबल'. हुद्दा कॉन्स्टेबलचा असला तरी रुबाब असा, की मी त्याला मनातल्या मनात शिंपला-फौजदार म्हणून बढती देऊन टाकली.

आमच्या बँकेची एलएफसी काही अटलांटिकपर्यंत पोचत नाही. पण भाचा बॉस्टनला नोकरीला, शिवाय लहानपणी माझ्या खांद्यावर बसून त्याने बरीच जत्रा पाहिलेली. त्या कर्जाची परतफेड म्हणून सौ. आणि मी तिथं पोचलो. पाण्यात पाय बुडवण्याआधी परवाना काढावा लागला. गावकऱ्याला स्वस्त, परगावच्याला महाग. फॉर्म पाहून माझ्यातला कारकून सुखावला. नाव, पत्ता, सही, पावती! समुद्र परका होता, पण फॉर्म माहेरचा वाटला.

परवान्याबरोबर एक धातूची कडी मिळाली. भाचा म्हणाला, "मामा, शिंपला या कडीतून निसटला तर तो लहान. परत वाळूत ठेवायचा."

"आणि अडकला तर?"

"तर मामीच्या पातेल्यात."

तिथल्या जाड कवचाच्या शिंपल्याला 'कोहॉग' म्हणतात. त्याची जाडी निदान एक इंच हवी. पातळ कवचाच्या लांबट जातीची लांबी निदान दोन इंच हवी. पुष्कळ गावांत घरगुती परवान्यावर आठवड्याला दहा क्वार्टांची एकच टोपली भरता येते. म्हणजे आपलं साडेनऊ लिटर. सूर्य मावळला की काउंटर बंद. कडाक्याच्या थंडीत काही गावं उकरणं थांबवतात, कारण उघडी पडलेली पिल्लं गारठून मरतात. आणि पाण्यात विषारी शेवाळ वाढलं की सगळा किनाराच बंद. 1972 च्या सप्टेंबरात त्या भागात अशी मोठी 'लाल भरती' आली होती. ते विष कितीही शिजवलं तरी जात नाही. तेव्हा या एका नियमाशी हुज्जत घालू नये.

कोहॉगचा सरकारी कडीत अडकण्याइतका देह व्हायला तिकडच्या थंड पाण्यात सुमारे तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे हे आवर्ती ठेवीचं खातं झालं. मुदतीआधी काढलं तर व्याज बुडतं. इथं तर मुद्दलच बुडतं, कारण पातेल्यात गेलेला शिंपला अंडी घालत नाही. फक्त एक गोष्ट मला उलटी वाटली. एकाच कोहॉगला आकारानुसार तीन नावं आहेत: लहान तो लिटलनेक, मधला चेरीस्टोन, थोराड तो चाउडर. बाजारात सगळ्यात जास्त भाव लिटलनेकला आणि सगळ्यात कमी थोराडाला. आमच्या बँकेत हे तत्त्व लागू केलं तर मॅनेजरच्या केबिनमध्ये नवा शिपाई बसेल.

आता या नियमांच्या मुळाशी जायचं तर पावणेचारशे वर्षं मागं जावं लागतं. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी 1641 साली मॅसॅच्युसेट्समध्ये हक्कांची एक सनद केली. तीत प्रत्येक घरमालकाला आपल्या गावच्या हद्दीत, भरती-ओहोटीचं पाणी पोचतं तिथवर, मासे आणि पाखरं मारायची मोकळीक दिली. परगावच्याला महाग परवाना का, याचं बीज बहुधा इथंच आहे. पुढे धक्के बांधायला सरकारकडे पैसा नव्हता. (सरकारांचं हे दुखणं जुनं आहे.) खाजगी माणसांनी धक्के बांधावेत म्हणून 1647 साली किनाऱ्यालगतच्या जमीनमालकाला ओहोटीच्या रेषेपर्यंतची वाळू देऊन टाकली, पाणी फारच लांब हटत असेल तर जास्तीत जास्त शंभर रॉड, म्हणजे सुमारे पाचशे मीटर. पण देताना एक कलम राखून ठेवलं. मासेमारी, पाखरांची शिकार आणि नौकानयन या तीन कामांसाठी त्या वाळूवर लोकांचा हक्क राहील.

शिंपले उकरणं ही मासेमारी का, असा प्रश्न वकिलांना पडला नसता तर ते वकील कसले? 1851 साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने निकाल दिला, की होय, हीही मासेमारीच. त्यामुळे त्या किनाऱ्यावर एक गंमत होऊन बसली आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत भरतीच्या रेषेखालची वाळू सार्वजनिक असते. मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि 1820 पर्यंत त्याचाच भाग असलेल्या मेन राज्यात, ती जमीनमालकाची असू शकते. 1974 साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायमूर्तींना विचारलं गेलं, की लोकांना या वाळूवरून पायी चालायचा हक्क कायद्याने देता येईल का? त्यांनी मत दिलं, की मालकाला भरपाई न देता येणार नाही. 1989 साली मेनच्या न्यायालयाने वेल्स गावाजवळच्या मूडी बीचबद्दल सांगितलं, की मासे, पाखरं आणि होड्या यांना वाट आहे. उन्हात लोळायला, डुंबायला आणि भटकायला नाही.

म्हणजे बघा, हातात दाताळं घेऊन तुम्ही कोट्यधीशाच्या बंगल्यासमोरच्या वाळूत कमरेत वाकलात तर कायदा तुमच्या पाठीशी उभा. कंबर दुखली म्हणून ताठ झालात आणि समुद्राची शोभा पाहत चार पावलं चाललात, की कायदा बंगल्याच्या पाठीशी! जगात ताठ उभं राहणाऱ्यापेक्षा वाकणाऱ्याला जास्त वाव असतो, हे मी बँकेत शिकलो होतो. पण ते इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं प्रथमच पाहिलं.

तरी मला त्या कलमाचं कौतुक वाटतं. किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले तरी टोपलीवाल्या सामान्य माणसाला अजून पाण्यापर्यंत जाता येतं, ते या शिंपल्यामुळे. ज्याला आपण दोन घासांत संपवतो, त्याने केवढं दार उघडं धरून ठेवलं आहे!

मात्र हे दार गोऱ्यांनी उघडलेलं नव्हे. ते आले तेव्हा ते सताड उघडंच होतं. 1620 साली मेफ्लॉवर जहाज केप कॉडला लागलं तेव्हा उतारूंनी तिथले मोठमोठे शिणाणे खाल्ले आणि सगळे ओकून-हागून बेजार झाले. अटलांटिकने केलेलं हे पहिलं स्वागत. पुढच्या वसंतात स्क्वांटो नावाच्या तिथल्या माणसाने त्यांना पायाने चिखल तुडवून वाम मासे काढून दाखवले. कोहॉगही असेच काढतात. अनवाणी पायांनी गाळ चाचपडायचा, टाचेला काही टणक लागलं की हात घालायचा. 'कोहॉग' हा शब्दही त्यांचाच. रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकाने 1643 साली नॅरगँसेट लोकांच्या भाषेचं एक पुस्तक छापलं, त्यात त्याचं मूळ रूप सापडतं. तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. ओहोटी लागली की तिथल्या बायका शिंपले उकरायला निघायच्या. इंग्रजांच्या डुकरांनी हे पाहिलं आणि तीही ओहोटीची वाट पाहू लागली. बायकांच्या आधी पोचून वाळू नांगरून फस्त! इंग्रजांच्या सगळ्या जनावरांत त्या लोकांना सर्वांत जास्त राग डुकराचा, असं विल्यम्स म्हणतो. डुकरांना परवाना नव्हता, कडी नव्हती आणि दहा क्वार्टांची मर्यादाही नव्हती.

बँकेतल्या माणसाने इथं एका चलनाबद्दल बोललंच पाहिजे. कोहॉगच्या कवचाला आतून जांभळी कड असते. तिचे आणि शंखाचे पांढरे, असे नळीसारखे मणी करून मूळचे लोक 'वॅम्पम' ओवत. तह, सोयरीक, दुखवटा अशा प्रसंगी त्याचे पट्टे देत-घेत. त्यात शब्द गुंफलेला असे, रक्कम नव्हे. पण वसाहतवाल्यांकडे नाण्यांचा दुष्काळ होता. 1637 साली मॅसॅच्युसेट्सने ठराव केला, की सहा पांढऱ्या मण्यांचा एक पेनी, आणि बारा पेन्सच्या आतल्या रकमेला हे कायदेशीर चलन. जांभळ्याचा भाव पांढऱ्याच्या दुप्पट. मग अर्थातच कुणीतरी पांढरे मणी रंगवून जांभळे केले. लोखंडी सामत्याने मणी भराभर पडू लागले, माल वाढला, भाव घसरला. 1661 साली तो कायदा रद्द झाला. चलनवाढ, खोटं नाणं, नोटाबंदी: आमचं अख्खं खातं चोवीस वर्षांत एका शिंपल्याने उरकलं! आपणही हसू नये. बंगालात एकोणिसाव्या शतकापर्यंत कवड्या चालत होत्या आणि आपण अजून 'फुटक्या कवडीचाही' हिशेब मागतो. लिनियसने 1758 साली कोहॉगला शास्त्रीय नाव देताना पगार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'मर्सेनरिया' म्हटलं. म्हणजे हा शिंपला शास्त्रात आमचा पगारदार बंधू आहे.

आता सुखाकडे वळतो, कारण नियम वाचून कुणी चिखलात उतरत नाही. ओहोटीच्या गार गाळात पाय रोवून उभं राहावं, डोक्यावर ऊन, पायाखाली काहीतरी टणक! तो दगड असतो. पुन्हा टणक! तोही दगड असतो. तिसऱ्यांदा मात्र हाताला गोल, जड, तोंड घट्ट मिटलेला कोहॉग लागतो, आणि चाळिशी उलटलेला माणूस "सापडला!" म्हणून असा ओरडतो, की पाणपाखरं उडतात. सौ.ला विशेष शिकवावं लागलं नाही. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. पदर खोचून मुळे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांत ती वाढलेली. तिची टोपली आधी भरली, आणि फौजदाराने मोजून मान डोलावली ती तिच्याच टोपलीकडे पाहून.

संध्याकाळी भाच्याने चाउडर केलं. शिंपले, बटाटे, कांदा आणि चक्क दूध! मासे आणि दूध म्हणजे विरुद्धान्न, हे आपल्याला आजीने शिकवलेलं. त्यांचं विरुद्धान्न वेगळं. त्यांच्या चाउडरमध्ये टोमॅटो घालणं हे पाप. 1939 साली क्लीव्हलँड स्लीपर नावाच्या आमदाराने त्यावर बंदी आणायचं विधेयक मेनच्या विधिमंडळात मांडलं होतं. गुन्हेगाराला शिक्षा म्हणे भर भरतीत पिंपभर शिंपले उकरण्याची! सौ.ने राहिलेल्या शिंपल्यांची एकशिपी केली. त्यावर कोणत्याही विधिमंडळाने हरकत घेतली नसती.

हिशेबातली एक नोंद मात्र राहिली. केप कॉडवरच्याच एका गावाचे शिंपल्यांचे नियम मोडले म्हणून मॅशपी वॅम्पनोआग जमातीच्या माणसांवर खटले झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही पोटापुरतं घेतो, आणि हा हक्क आम्हाला कुणी दिलेला नाही, तो आमचा आहेच. 1999 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. आमच्याकडे नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर धडधाकट उभे असतात, तरी कागद लागतो. या लोकांचं त्या वाळूतलं खातं सगळ्यात जुनं, आणि हयातीचा दाखला मागितला त्यांनाच. डुकरांकडे तो कुणी मागितला नव्हता.

म्हणून दहा क्वार्टांच्या टोपलीला मी आता कद्रूपणा म्हणत नाही. लहान शिंपला परत वाळूत ठेवताना माणूस आपण डुक्कर नसल्याचा दाखला स्वतःच्या सहीने देत असतो. त्याला फी पडत नाही. परगावच्यालासुद्धा.