बांधकाम उद्योगातील शाश्वतता-लक्ष्ये (भारत)

बांधकामास लागणारा कच्चा माल व ऊर्जा आणि त्यातून निघणारा कचरा यांसंबंधी ठरावीक मुदतीत गाठावयाची, आकड्यांत मांडलेली प्रमाणे म्हणजे शाश्वतता-लक्ष्ये होत. भारतात ती एका सर्वंकष धोरणातून आलेली नसून पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील अधिसूचना व नियम, भारतीय मानके आणि ऊर्जासंहिता यांतून सुटीसुटी घडत गेली आहेत.

राख : यांतील सर्वांत तपशीलवार लक्ष्य औष्णिक वीजकेंद्रांतील उडत्या राखेचे, म्हणजे धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंतून पकडलेल्या बारीक राखेचे आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केंद्रापासून ५० किमी. परिघातील वीटभट्ट्यांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. हा परिघ २००३ मध्ये १०० व २०१६ मध्ये ३०० किमी. झाला. भट्टीवाल्यांचा याला विरोध होता. पुढे जबाबदारीचा भार वीजकेंद्रांकडे सरकत गेला आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई लावली. राखेचा वापर १९९६-९७ मध्ये सुमारे १० टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ९५ टक्क्यांवर गेला. यातील मोठा वाटा १५ ते ३५ टक्के राख चालणाऱ्या पोझोलाना सिमेंटचा आहे. मात्र सखल जमिनी व सोडून दिलेल्या खाणी भरण्यासाठी गेलेली राखही ‘वापर’ म्हणूनच मोजली जात असल्याने विटांसाठी खणली जाणारी माती किती वाचली, हे या टक्केवारीवरून कळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले.

राडारोडा : राख मोजक्या केंद्रांतून निघते व तिथेच मोजता येते, पाडकामाचा राडारोडा असंख्य ठिकाणी निघतो व बहुधा न तोलताच रस्त्याकडेला किंवा खाडीत पडतो. त्यामुळे त्याचे देशातील वार्षिक अंदाज सुमारे १ कोटी टनांपासून ५३ कोटी टनांपर्यंत पसरलेले असून, एवढी तफावत असता आधारवर्ष, म्हणजे प्रगती ज्याच्याशी ताडून पाहावयाची ते वर्ष, निश्चित करणे अवघड ठरते. २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांकडून व्यवस्थापन-आराखडा मागितला आणि शासकीय व नगरपालिकांच्या कंत्राटांत १० ते २० टक्के पुनर्निर्मित माल घेण्याची तरतूद केली. त्याच वर्षी सुधारलेल्या भा. मा. ३८३ या मानकाने साध्या काँक्रीटमध्ये २५, तर एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के पुनर्निर्मित खडीस मुभा दिली. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले असून, त्यांत २०,००० चौ. मी. व त्यावरील प्रकल्पांच्या उत्पादकांवर टप्प्याटप्प्याने वाढणारी पुनर्प्रक्रिया-लक्ष्ये टाकली आहेत.

ऊर्जा : व्यापारी इमारतींसाठी २००७ ची (सुधारित २०१७), निवासी इमारतींसाठी २०१८ ची ऊर्जासंहिता आहे.

मानांकन : इमारतींना पर्यावरणपूरकतेनुसार दर्जा देणाऱ्या ‘गृह’ इत्यादी पद्धती मूलतः ऐच्छिक आहेत.