राबाची माती आणि पिंपरीचा जिवाणू

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ पट्ट्यात भाताची रोपे ज्या वाफ्यात वाढवायची, त्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांची तोडलेली कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर बारीक माती पसरून ते सारे धुमसत जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, रीत पूर्वापार चालत आली आहे. राबाचा गुण राखेत आहे की आचेत, हा प्रश्न पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह अभ्यासला आणि १९१२ मध्ये त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. राबाच्या आचेने मातीतले नाजूक जिवाणू मरतात. बॅसिलस वंशाचे जिवाणू मात्र बीजाणूंच्या, म्हणजे जाड कवचाआड निद्रिस्त राहणाऱ्या पेशींच्या, रूपाने तग धरतात. मातीतून प्रतिजैविके देणारे जिवाणू वेगळे काढताना प्रयोगशाळेतही नमुना अनेकदा आधी तापवला जातो. शेतकऱ्याचा हेतू अर्थातच निराळा.

मातीतून प्रतिजैविके शोधण्याचे हे काम महाराष्ट्रात नावारूपाला आले ते पिंपरीत. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना मुख्यतः पेनिसिलिनसाठी उभा राहिला होता; तिथल्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधामागचे तंतुमय जिवाणू, मातीतून वेगळे करायला घेतले. चिमूटभर माती पाण्यात पुनःपुन्हा विरळ करून अगरच्या थाळीवर पसरायची, खडूच्या भुकटीसारखी दिसणारी वसाहत उचलायची आणि रोगकारक बुरशीच्या शेजारी वाढवायची. भोवती बुरशी न उगवलेले स्वच्छ वलय उमटले, तरच पुढचा खटाटोप. असे वलय पुष्कळदा आधीच ठाऊक असलेल्या द्रव्याचेच निघते, म्हणून शुद्ध केलेले द्रव्य अतिनील प्रकाश कुठे शोषते हे पाहून त्याची ओळख पटवावी लागते, आणि खरी दमछाक इथेच होते. या वाटेने १९६१ मध्ये जगापुढे आलेल्या बुरशीनाशकाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन, तर त्याच्या जनक जिवाणूला गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव मिळाले.

एकेकाळी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या साष्टीतील मुलुंडच्या मातीतून हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधकांना आचेत तग धरणाऱ्या त्या बॅसिलसचाही एक वाण मिळाला. त्याचे मर्सासिडिन हे द्रव्य, ज्याचा तपशील १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, जिवाणूंची पेशीभित्तिका बांधणाऱ्या लिपिड-२ या घटकाला पकडून ठेवते आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसलाही रोखते. औषध म्हणून ते बाजारात आले नाही. त्याच्या जनकाला मुलुंडचे नावही लाभले नाही, संशोधनपत्रिकेत तो ‘एचआयएल वाय-८५,५४७२८’ या क्रमांकानेच नोंदला गेला.