पाटणचा शिलालेख आणि आकाशांतील वलयें

चाळीसगांवाजवळ डोंगराच्या कुशींत पाटण हें स्थळ आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ शिकविण्यासाठीं तेथें मठ काढिला, आणि शके ११२८ मध्यें निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास देणगी दिली. मठाच्या खर्चासाठीं बाजारच्या मालांतून काय घ्यावें, हें त्या शिळेवर मराठींत कोरलें आहे. व्यापाऱ्यांच्या पैशावर गणित चालावें, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते. पुढें मठ गेला, शिळा राहिली. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं ती विद्वानांपुढें आणिली.

असाच एक लेख परवां आमच्याच प्रांतांत सहा वर्षें न वाचलेला पडून होता. नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांनीं उभारलेल्या तीस महाकाय रेडिओ-दुर्बिणी आहेत. २०१३ सालीं त्यांनीं टिपलेल्या वेधांत एक पुसट वलय होतें. तें कोणाच्या डोळ्यांत भरलें नाहीं. २०१९ मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ‘आस्कॅप’ यंत्राच्या चित्रांत अशीं वलयें दिसलीं, तेव्हां जुनीं दप्तरें चाळतांना खोडदचें वलय सांपडलें. तें चौथें ठरलें.

प्रथम सर्वांस यंत्राचा दोष वाटला. पण निरनिराळ्या यंत्रांनीं तेंच दाखविल्यावर ती शंका फिटली. दृश्य प्रकाशांत मात्र वलयाचा मागमूस नाहीं. मेलेल्या ताऱ्याचें कवच म्हणावें, तर तीं आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फार दूर आढळतात. शिवाय कित्येकांच्या मध्यभागीं एक दूरची दीर्घिका बसलेली असते. ती मूळ धरली तर वलयाचा व्यास दहा लक्ष प्रकाशवर्षांहून अधिक भरतो. आमची आकाशगंगा साधारण एक लक्षाची! साबणाचा फुगा कडेला अधिक ठळक दिसतो, तसें हेंही पोकळ गोलाचें कवच असावें.

पण तो फुगविला कोणीं? दोन महाकाय कृष्णविवरांच्या मीलनानें, असें कांहींचें मत. २०२४ मध्यें ॲलिसन कॉइल यांनीं खोडदच्याच वलयाची दीर्घिका तपासली. तींत एकेकाळीं ताऱ्यांच्या जन्माचा धडाका उडाला, त्यांच्या स्फोटांचा वारा बाहेर वाहिला व त्याचा धक्का कोट्यवधि वर्षें पसरत राहिला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आम्हांस हा पक्ष बळकट वाटतो. मात्र तो एका वलयापुरता.

‘हें सारें आमच्या ग्रंथांत होतेंच’ असें म्हणणारे भेटतील. भास्कराचार्यांस रेडिओ-लहरी ठाऊक नव्हत्या, आणि त्यानें त्यांची थोरवी रतिभरही उणावत नाहीं. पाटणची परंपरा आम्हांस निराळीकडे दिसते. मुंबई विद्यापीठांतील डॉ. आनंद होता यांनीं साध्या नागरिकांस अशीं चित्रें वाचावयास शिकविलें, आणि २०२५ मध्यें त्या मंडळीनें युरोपांतील ‘लोफार’च्या वेधांत एकमेकांस छेदणारीं दोन वलयें शोधून काढिलीं. ज्ञात वलयांत तीं सर्वांत दूरचीं व प्रखर ठरलीं. तेथें वारा दोन बाजूंस वाहिला, कीं कृष्णविवराच्या जुन्या उद्रेकाचे विझलेले मेघ धक्क्यानें पुन्हां उजळले, यावर वाद चालू आहे.